तिन्ही खेळू दे, पण एका वेळी एकच

पत्र:

ताई, आम्ही साताऱ्याचे. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. यंदा दहावी झाली, सायन्सला प्रवेश घेतला. बारा वर्षांची असल्यापासून सायकल चालवते. आधी माउंटन बाइक, मग रोड, आणि गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत दोन्हीकडे पदक मिळालं. आता तिचे सर म्हणतात, डोंगर आणि रस्ता दोन्ही सोड, ट्रॅकवर, म्हणजे स्टेडियममधल्या गोल रिंगणात, ये, दिल्लीच्या ट्रायलची तयारी कर. ती म्हणते, मी काहीच सोडणार नाही. ती नेदरलँड्सची सायकलपटू पक पीटर्से तीन-तीन प्रकार खेळते, मग मी का नाही? तिच्या बाबांचं म्हणणं, एक काय ते धर, नाहीतर बारावीचं बघ. घरात रोज यावरून वाजतं. मला त्यातलं फारसं कळत नाही. मला एवढंच दिसतं की ती पहाटे यवतेश्वरचा घाट चढून येते, मग क्लास, कॉलेज, संध्याकाळी जिम, आणि रात्री वही उघडी ठेवूनच झोपते. वजन उतरलं की घाट सोपा जातो म्हणून तिने रात्रीची पोळी बंद केली आहे. तीन महिने पाळी आलेली नाही. सर म्हणाले, खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच. मी तिला कुठला प्रकार धरायला सांगू?
– एक आई

उत्तर:

नमस्कार,

प्रकार कुठला हे आपण बघू, पण त्याआधी पाळीचं. तीन महिने पाळी न येणं हे "खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच" म्हणून सोडून द्यायचं नसतं. असं बऱ्याच जणींचं होतं हे खरं आहे, म्हणून ते ठीक आहे असं नाही. याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. रोज किती तास सायकल चालवते, काय खाते, काय बंद केलंय, हे सगळं त्यांना सांगा, काही लपवू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ या तपासण्या करायच्या का, हे तुम्ही स्वतःहून विचारा.

होतं काय, की शरीर जेवढं खर्च करतं तेवढं पोटात गेलं नाही, तर जी कामं थांबवली तरी आज जीव जात नाही ती कामं ते थांबवतं. पाळी त्यातलं पहिलं. मग हाडं, मग सर्दी-खोकल्याशी लढायची ताकद, मग झोप आणि चिडचिड. खेळाडूंचे डॉक्टर याला रेड-एस म्हणतात. सायकलवाल्या मुलींना यात एक जास्तीचा धोका असतो. धावताना पायाला दणके बसतात, त्याने हाडं घट्ट होतात. सायकलवर भार सीटवर असतो, हाडांना तो व्यायाम मिळतच नाही. सोळा-सतराव्या वर्षी हाडं भरायची असतात. या दोन वर्षांत जे भरायचं राहिलं ते पुढे भरून काढणं फार अवघड जातं.

तेव्हा रात्रीची पोळी परत सुरू. पोळीच नाही, भातही. पहाटे यवतेश्वरला जाताना ती रिकाम्या पोटी जात असेल, अशी मला दाट शंका आहे. जाण्याआधी एक केळं आणि दोन खजूर, खिशात शेंगदाण्याची चिक्की, आणि घरी आल्यावर आंघोळीच्याही आधी खाणं. पोहे आणि दूध, अंडी चालत असतील तर दोन अंडी. क्लासची घाई असेल तर डबा बरोबर द्या. घाटात वजनाचा हिशोब असतो हे तिचं म्हणणं चुकीचं नाही. पण तो हिशोब दोन आकड्यांचा आहे, वजन आणि पायातली ताकद. पोळी बंद करून वजन दोन किलो उतरलं आणि ताकद त्याहून जास्त उतरली, तर घाट लांबच होतो.

याबाबतीत ती तुम्हाला पोलीन फेराँ-प्रेव्होचं उदाहरण देईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. २०२५ मध्ये या फ्रेंच बाईने महिलांची टूर दे फ्रान्स जिंकली आणि त्यासाठी वजन कमी केल्याचं उघडपणे सांगितलं. पण ती तेव्हा तेहेतीस वर्षांची होती, मागे टीमचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते, आणि हे एका शर्यतीपुरतं आहे, वर्षभर असं राहता येत नाही, हेही तिनेच सांगितलं. वाढत्या वयाच्या मुलीने त्यातून घ्यावं असं काहीही नाही.

आता पक पीटर्से. तुमच्या लेकीने आदर्श चांगला निवडलाय, मला मनापासून आवडला. ही नेदरलँड्सची, आमर्सफोर्टची मुलगी, जन्म २००२ चा. हिवाळ्यात सायक्लोक्रॉस खेळते. म्हणजे चिखल, वाळू, पायऱ्या आणि मध्ये उभ्या केलेल्या फळ्या, आणि त्या फळ्यांवर बहुतेक जणी सायकल उचलून पळत जातात तिथे ही सायकलसकट उडी मारते. उन्हाळ्यात माउंटन बाइक, आणि वसंतात व मोठ्या शर्यतींच्या वेळी रोड. तिचं २०२४ साल बघा. फेब्रुवारीत सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. जुलैअखेर पॅरिस ऑलिम्पिकच्या माउंटन बाइकमध्ये दुसऱ्या जागी असताना टायर गेला आणि चौथी आली, पदक हुकलं. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोवर टूर दे फ्रान्समध्ये लिएजला संपणारा टप्पा तिने तिच्याच देशाच्या डेमी व्होलरिंगला अगदी रेषेवर मागे टाकून जिंकला, आणि तरुण खेळाडूंची पांढरी जर्सी घेऊन घरी गेली. मग अँडोरात माउंटन बाइकची जगज्जेती. सप्टेंबरमध्ये झुरिचला रोडवर २३ वर्षांखालची जगज्जेती. पुढच्या वर्षी फ्लेश वालोन, म्हणजे बेल्जियममधल्या उयी गावाच्या उभ्या चढावर संपणारी शर्यत, तीही जिंकली.

हे वाचून कुठल्याही सोळा वर्षांच्या मुलीला वाटेल की सगळं एकदम करता येतं. पण तीच यादी तारखा लावून वाचली की वेगळं दिसतं. ती तिन्ही खेळते ते एकापाठोपाठ एक. मोठ्या माउंटन बाइक स्पर्धेच्या आधीचे आठवडे माउंटन बाइकचे, क्लासिक्सच्या, म्हणजे वसंतातल्या मोठ्या एकदिवसीय शर्यतींच्या, महिन्यात रोडचे. शिवाय हे कॅलेंडर ती एकटी जुळवत नाही. ती ज्या फेनिक्स-डेकेनिंक टीममधून हे सगळं जिंकली, ती उभीच राहिली सायक्लोक्रॉसमधून. मॅथ्यू व्हान डर पूलसारखे तिन्हीकडे खेळणारे याच घरातले. कधी उतरवायचं आणि कधी घरी बसवायचं, हे तिथे ठरवणारी माणसं पगारावर आहेत. साताऱ्यात हे काम तुम्ही, सर आणि ती अशा तिघांनी मिळून करायचं आहे.

दुसरी गोष्ट तिला जरा शांतपणे दाखवा. पीटर्सेच्या तीन प्रकारांत ट्रॅक नाही. सायक्लोक्रॉस सुमारे पाऊण-एक तासाचं, माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री शर्यत साधारण दीड तासाची, रोड तीन-चार तासांची. तिन्हीकडे लागतो तो दम एकाच जातीचा, आणि चिखलात शिकलेला तोल ओल्या रस्त्यावरच्या वळणातही कामी येतो. म्हणूनच ते एका शरीरात बसतं. तुमच्या सरांना ट्रॅक हवंय, पण ट्रॅकमधलं काय? हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही आणि सगळा निर्णय त्यावर अडलाय. स्प्रिंट आणि कायरिन या ट्रॅकवरच्या छोट्या, वेगाच्या शर्यतींमध्ये खरी झुंज शेवटच्या काही सेकंदांची असते. त्याला जड मांड्या लागतात, जिममधलं वजन उचलणं लागतं, आणि घाट चढणारं शरीर त्यात हळूहळू संपतं. याउलट टीम परस्यूट चार किलोमीटरचा, चार जणींनी मिळून, चार-साडेचार मिनिटांचा. तिथे घाटातला दम वाया जात नाही.

अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर पॅरिसमध्ये रोड रेसचं सुवर्ण जिंकली आणि तीनच दिवसांनी टीम परस्यूटचंही. हे नाव तिच्या बाबांसाठीही लिहितेय. फॉकनर हार्वर्डला शिकली, तिथे नौकानयन करायची, पुढे न्यूयॉर्कमध्ये नोकरी करताना २०१७ मध्ये सायकलिंगकडे वळली. पॅरिसमध्ये एकतीस वर्षांची होती. बारावी नीट दिली म्हणून सायकल हातची जाते असं मुळीच नाही.

तेव्हा सरांना भेटा आणि सरळ विचारा, सर, स्प्रिंट की एन्ड्युरन्स, म्हणजे टीम परस्यूटसारख्या दमाच्या शर्यती? स्प्रिंट म्हणाले तर कशावरून, हेही विचारा. उभ्याने जोर लावल्यावर तिचं टायमिंग बाकीच्यांपेक्षा खरंच वेगळं येतं का, की फक्त जागा मोकळी आहे म्हणून? राज्यात रस्ता आणि डोंगर दोन्हीकडे पदक घेणारी मुलगी जन्मजात स्प्रिंटर असेल असं मला वाटत नाही. पण मी तिला पाहिलेलं नाही, सरांनी पाहिलंय.

सरांचीही बाजू आहे आणि ती हलकी नाही. आपल्याकडे ट्रॅकला जी घडी बसली आहे ती माउंटन बाइकला अजून नाही. दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियममध्ये २५० मीटरचा लाकडी इनडोअर ट्रॅक आहे, तिथे राहून सराव होतो, परदेशातल्या स्पर्धा मिळतात, आणि निवड घड्याळावर होते. २०१९ मध्ये एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग या पोरांनी टीम स्प्रिंटमध्ये ज्युनिअर जागतिक सुवर्ण आणलं ते याच वाटेने. आपल्या महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर उतरल्या. हे सरांच्या डोळ्यांसमोर असणार, आणि चांगल्या विद्यार्थिनीसाठी त्यांना तेच दिसावं हे बरोबर आहे. पण दुसरी वाटही अगदी ओस नाही. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइक आणि रोड दोन्ही खेळत आली आहे. तिचं नाव तुमच्या लेकीला माहीत असेलच. नसेल तर पीटर्सेच्या शेजारी तिचाही फोटो लावायला सांगा.

फेराँ-प्रेव्होकडे पुन्हा वळते, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर तिच्या कारकिर्दीत आहे. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ती स्पेनमध्ये रोडची जगज्जेती झाली. २०१५ च्या सुरुवातीला सायक्लोक्रॉसची, आणि त्याच सप्टेंबरमध्ये माउंटन बाइकची. काही आठवडे जगज्जेतीला मिळणाऱ्या तिन्ही इंद्रधनुषी जर्स्या एकाच वेळी तिच्याकडे होत्या. हे आधी कुणाला जमलं नव्हतं, पुरुषांनाही नाही. वय तेवीस. त्याच्या पुढच्या वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये ती माउंटन बाइकची शर्यत अर्धवट सोडून बाहेर आली. शरीर साथ देत नव्हतं आणि मनानेही ती पार खचली होती, नैराश्यातून गेली. पुढे कळलं की पोटातून पायाकडे रक्त नेणारी धमनी, वर्षानुवर्षं वाकून जोर लावल्याने आतून जाड होऊन अरुंद झाली होती. हा सायकलपटूंमध्ये होणारा विकार आहे. २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ती पुन्हा माउंटन बाइकची जगज्जेती झाली. त्यानंतर तिने हावरटपणा केला नाही. पॅरिसपर्यंत माउंटन बाइक मुख्य धरली आणि २०२४ मध्ये तिथलं सुवर्ण घेतलं. ते झाल्यावर डोंगर बाजूला ठेवून पूर्ण रोडवर आली, आणि २०२५ मध्ये पॅरिस-रूबे ही एकदिवसीय शर्यत आणि टूर दे फ्रान्स दोन्ही जिंकली. तिन्ही एकदम करून दाखवलेल्या बाईनेसुद्धा पुढची मोठी पदकं मिळवली ती एकेक धरून.

यातली एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. जोरात चढताना तुमची लेक कधी म्हणाली की एक पाय बधिर होतो, त्यातली ताकद जाते आणि थांबलं की बरं वाटतं, तर "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणू नका. क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलांमध्ये टॉम पिडकॉक आहे, लीड्सचा. टोकियो ऑलिम्पिकच्या आधी दोन महिने सरावात गाडीने धडक दिली, गळपट्टीचं हाड मोडलं, प्लेट बसवली आणि तरीही माउंटन बाइकचं सुवर्ण घेतलं. रँकिंगचे गुण कमी असल्याने तो मागच्या रांगेतून सुटला होता, कारण बाकीचे वर्षभर डोंगरात गुण गोळा करत असताना हा रोडवर होता. अनेक प्रकार खेळण्याची किंमत अशीही मोजावी लागते. पुढच्या वर्षी टूर दे फ्रान्समधला आल्प द्युएझच्या घाटावरचा टप्पा जिंकला. पण मला त्याची वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. २०२२ मध्ये सायक्लोक्रॉसचा जगज्जेता झाल्यावर २०२३ मध्ये तो ती जर्सी राखायला उतरलाच नाही. रोडचा मोसम जपायचा होता. अंगावरची जर्सी न खेळता दुसऱ्याला जाऊ द्यायला धाडस लागतं. तुमच्या लेकीला पिडकॉक आवडत असेल तर हे नक्की सांगा.

आता तुमचं वर्ष. माझं स्पष्ट मत असं आहे की सोळाव्या वर्षी तिने काहीही कायमचं सोडू नये, आणि एकाच महिन्यात दोन गोष्टींची तयारीही करू नये. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत स्पर्धा नाही, जिम नाही, यवतेश्वर नाही. त्या काळात ती सपाटीवर मैत्रिणींबरोबर कासवगतीने फिरून आली तर चालेल का, तेही डॉक्टरांनाच विचारा. पाळी परत सुरू झाली, झोप भरून आली, की एक मोसम माउंटन बाइकचा. सायकलिंग फेडरेशनच्या रोड, ट्रॅक आणि माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धा वेगवेगळ्या होतात, त्यामुळे तारखा आल्या की त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि त्यातल्या दोनच निवडा, मध्ये किमान सहा-आठ आठवड्यांचं अंतर ठेवून. तिसरी स्पर्धा कितीही खुणावली तरी नाही. वर्षातून एकदा सलग तीन-चार आठवडे सायकल कपड्याखाली झाकून ठेवायची. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. त्या दिवशी पायऱ्यांचे व्यायाम वगैरे गुपचूप चालणार नाहीत, यावर मात्र तुमचं लक्ष हवं.

तीन सायकली घेऊ नका. माउंटन बाइक आणि रोड तिच्याकडे आहेत. ट्रॅकची सायकल, ती ब्रेक नसलेली आणि फिक्स गिअरची असते, ती सरांमार्फत नाहीतर असोसिएशनकडून सरावापुरती मिळते का पाहा. कर्ज काढून कार्बनची फ्रेम घ्यायचं हे वय नाही. ते पैसे चांगल्या टायरवर, हेल्मेटवर, सीटची उंची नीट मोजून घेण्यावर आणि डॉक्टरांच्या फीवर खर्च करा.

ट्रॅकची ट्रायल तिने द्यावी का? तब्येत सावरली असेल तर जरूर द्यावी, पण एन्ड्युरन्ससाठी. पुण्यात बालेवाडीच्या ट्रॅकवर जाऊन आधी चार-सहा वेळा तिथल्या आत कललेल्या वळणांची सवय करून घेऊ दे. निवड झाली आणि दिल्लीला जायचं ठरलं, तर होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. मुलींसाठी महिला डॉक्टर किंवा फिजिओ आहे का, बारावी कुठून आणि कशी देता येईल, आणि मधल्या काळात रोडच्या शर्यतींना सोडतात का. शेवटच्या प्रश्नाला नाही म्हणाले तरी आकाश कोसळत नाही. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणाले तर मी पाठवणार नाही.

तिच्या बाबांना सांगा की महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, पण दोन्हीसाठी कुठली स्पर्धा आणि कुठल्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं याचे नियम ठरलेले असतात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन ते त्यांनी स्वतः समजून घ्यावेत. हे काम त्यांच्याकडे दिलंत तर घरातला वादही थोडा निवेल, कारण मग तेही या बाजूला असतील. अकरावीचं वर्ष खेळाला जरा मोकळं आहे, ते वापरू दे. बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत स्पर्धा नाही, फक्त तब्येत राहील एवढी सायकल, असं तिने आणि बाबांनी आत्ताच एकमेकांना कबूल करावं, तुमच्यासमोर.

सरांना पाळीबद्दल सांगायला ती लाजत असेल. तुम्ही सांगा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन सांगा. "सर, पुढचे तीन महिने वेळेचं घड्याळ नको, हिचं जेवण आणि झोप बघू" इतकंच. चांगले सर ऐकतात. ऐकलं नाही, तर ट्रॅक की डोंगर हा वाद तिथेच संपला असं समजा आणि दुसरे सर शोधायला लागा.

रिपोर्ट आले की मला कळवा.